मागची बाजू

रविवार कारंजावरून आत वळलं की तिसरं दुकान.
आता तिथे झेरॉक्स आहे,
ट्रेडल मागच्या खोलीत, अंगावर चादर घेऊन.
तिच्यावर मी पहिल्यांदा जुळवलं
पुंडलिक कचरू थेटे,
ठळक टायपात,
आणि शेजारी लाकडी ठोकळ्यावरची कपबशी.

अपक्ष. वॉर्डाची निवडणूक. दोन हजार पत्रकं, उधार.
तो उभा राहून एकेका कागदावर फुंकर मारत होता.
मी म्हटलं, थेटे, शाई अशाने वाळत नाही.
म्हणाला, मग कशाने वाळते?
त्रेसष्ट मतांनी आला निवडून.

विधानसभेला पक्ष मिळाला.
कपबशी खणात गेली
आणि तिच्यामागोमाग कचरूही.
वडलांचं नाव ओळीत बसत नाही, म्हणाला.
बसत होतं. मी मोजून पाहिलं होतं.

मग पुंडलिकराव. मग आण्णासाहेब.
मग मा. ना. आण्णासाहेब, अकरा महिने.
त्या अकरा महिन्यांची लेटरहेडं दहा हजार छापली,
सात हजार अजून पोटमाळ्यावर आहेत;
नातू त्यांच्या पाठीवर भागाकार करतो.

फोन नेहमी रात्री साडेअकरानंतर यायचा.
सकाळपर्यंत नवीन चिन्ह टाका. फोटो तोच.
फोटो तोच:
चौऱ्याण्णव साली मेनरोडच्या स्टुडिओत काढलेला,
केस काळे, मान जराशी डावीकडे
जणू तिकडून कुणी हाक मारली आहे.
चार चिन्हं त्या मानेशेजारी राहून गेली.
"कार्यकर्त्यांच्या आग्रहास्तव व मतदारसंघाच्या विकासासाठी"
हा मजकूर मी कधी सोडलाच नाही,
सुतळीने बांधून ठेवला होता.
फक्त नेत्याचं नाव उपसायचं, दुसरं बसवायचं.

मागचं बिल काढलं की म्हणायचा,
ते मागच्या पक्षाकडून घ्या.
आणि हसायचा.
मीही हसायचो, हेही लिहून ठेवतो.
कारण शकुंतला अत्यवस्थ होती त्या पहाटे
त्याने सिव्हिल सर्जनला झोपेतून उठवलं होतं.
तेव्हा तो कुठल्या पक्षात होता, आठवत नाही.
खाट मिळाली, ते आठवतं.

रंगपंचमीला आमच्या चौकातली रहाड उघडतात.
वर्षभर वरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या जातात,
खाली हौद गप्प असतो.
प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला,
आजोबांच्या अंगावर होता तोच नातवाच्या.
चौक बदलतो तो माणूसच.
थेटे दरवर्षी आमच्यात धप्पा मारायचा, कपड्यांसकट,
पाणी पार ओट्यांपर्यंत उडायचं.
पक्ष फुटला त्या वर्षी
सकाळी आमच्यात मारला, दुपारी पलीकडच्या चौकात.
संध्याकाळी प्रूफ बघायला आला तेव्हा
त्याच्या कानामागे पाहिलं,
खाली आमचा रंग, वर त्यांचा,
आणि मधल्या रेघेला काय म्हणावं
असा रंग माझ्या शाईच्या डब्यांत नव्हता.
त्याने प्रूफमधली एक वेलांटी दुरुस्त केली.
बरोबर होती दुरुस्ती.

यंदा अनामत गेली.
गेल्या आठवड्यात आला, रिक्षाने, एकटाच.
गुडघ्यावर हात ठेवून पायरी चढला.
व्हिजिटिंग कार्डं करायची होती.
मी खण उघडून कपबशी काढली,
रॉकेलच्या बोळ्याने पुसली, समोर ठेवली.
कान झिजला होता तिचा, बशी शाबूत.
चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिला.
ही कुणाची निशाणी हो?
मी म्हटलं, होता एक अपक्ष.
असेल, म्हणाला. चहा मागवा.

किती करू?
शंभर. नाही, पन्नासच.
नावाखाली?
माजी आमदार.
पाचशेची नोट काढली. पहिल्यांदाच आगाऊ.
माझ्याकडे सुटे नव्हते, तर शेजारून आणेपर्यंत थांबला.
निघताना मी विचारलं,
मागच्या बाजूला काय टाकू?
पायरीवरच थबकला.
मान जराशी डावीकडे.
मागची कोरी ठेवा तूर्तास, म्हणाला,
काही ठरलं तर रात्री फोन करतो.