माया

वाशीला सेक्टर सतरात काचेच्या दारामागं
तिचं दुकान आहे. पाटीवर ‘उज्ज्वलाज्’.
शेवटचा तो पाय मोडका ज
मी येताजाता बसमधून वाचते
आणि दर वेळी मनात म्हणते,
मोडू दे अजून एक.

तुर्भ्याच्या शिवणक्लासात एकाच मशीनवर
आम्ही दोघी आलटून पालटून बसायचो.
तिच्या पहिल्या परकराचा नेफा वाकडा,
माझा सरळ. बाईंनी माझाच वर्गात फिरवला होता.
हे मी बावीस वर्षं सांगत आले,
नवऱ्याला, जावेला, फॉल-पिकोला येणाऱ्या बायकांना,
कुणी विचारलं नसताना.

माझं दुकान म्हणजे कोपरखैरण्यातल्या
बैठ्या घराची पुढची अर्धी खोली.
पायमशीन, बल्ब, खिळ्याला टेप.
तिचा फोटो पेपरात आला त्या दिवशी
मी त्याच पानाची कटोरी कापली.
कात्री तिच्या गळ्यावरून गेली. मुद्दाम नाही.
खोटं कशाला बोलू, थोडी मुद्दामच.

मग मागच्या गुरुवारी देविका पिसाळ आली,
कडेवर चार महिन्यांचं बाळ, हातात ब्लाऊज.
“मावशी, लग्नातला आहे, आता चढत नाही.
तेवढ्यासाठी वाशीला कुठं जाऊ?”
गळ्याच्या आत रेशमी पट्टी: उज्ज्वलाज्.

म्हटलं, ठेव. उद्या ये.
तिची पाठ वळली तशी कडी लावली,
बल्ब खाली ओढला, चष्मा पुसला,
आणि ब्लेडनं बगलेपासून उसवायला बसले.
सापडेलच काही. अस्तर कुठं तरी गोळा असेल,
मोठ्या दुकानाची घाई कुठं तरी दिसेल,
एखादा सुटलेला टाका. एकच पुरे होता मला.

टाके सारखे. मोहरी मांडल्यासारखे.
आणि शिवण उघडली तर आत
दोन्हीकडं दोन-दोन बोटं माया.

माया. आमच्या धंद्यात हाच शब्द आहे,
शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या,
बाहेरून न दिसणाऱ्या कापडाला.
अंग भरलं, दिवस बदलले, तर सोडून घ्यायला.
बाई सांगायच्या, पोरींनो, कापड वाचवायचं तर
बाहीत वाचवा, मायेत नको.
मी मायेतच वाचवत आले. अर्धं बोट, पाव बोट.
चिंध्यांच्या पिशव्या माळ्यावर आहेत
आणि माझं शिवलेलं
दुसऱ्या वर्षी कुणाला होत नाही.

बगलेच्या कोपऱ्यात उलटा दुहेरी टाका होता.
तो आमचा. क्लासात दोघींनी मिळून काढलेला,
बाईंची बोलणीही दोघींनी मिळून खाल्लेली.
बावीस वर्षं ती तो घालत होती,
कुणी बघणार नाही अशा जागी.
मी कधीच सोडला होता.

रडले वगैरे नाही.
कडी काढली, आणि तिच्या धाग्याशी रंग जुळवायला
पाच रिळं दारातल्या उन्हात धरून पाहिली.

शुक्रवारी देविकानं घालून पाहिला.
खांदे खाली आले, श्वास सोडला तिनं.
“मावशी, तुम्हीच शिवल्यासारखा बसला.”
हो म्हणावं, असं ओठापर्यंत आलं होतं.
म्हटलं, उज्ज्वलानं शिवलाय. हात चांगला आहे तिचा.
वाक्य घशातून सुईसारखं गेलं,
पण गेलं. चाळीस रुपये घेतले.

बस अजून त्याच दारावरून जाते.
पाय मोडका ज अजून दिसतो,
एखाद्या दिवशी खुपतोही.
नेफ्याची ती गोष्ट काल परत
जावेपाशी सुरू केली होती मी,
निम्म्यात सोडली.

आज सकाळी गिऱ्हाइकाचं नवं कापड अंथरलं,
मापावर खडू ओढला,
मग दुसरी रेघ, दोन बोटं बाहेर,
आणि कात्री बाहेरच्या रेघेवरून चालवली.