उणे सेहेचाळीस

दुकानातून निघाला तेव्हा मासा टम्म होता,
चंदेरी, टिचकी मारली की ढोलकं.
गल्ल्यावरच्या मुलानं दोरा माझ्या हातमोज्याला गुंडाळून दिला
आणि मी याकुत्स्कच्या धुक्यात शिरलो,
पोरीच्या सातव्या वाढदिवसाचा मासा डोक्यावर घेऊन.

बसथांब्यापाशी त्याचे गाल बसले.
बाजारात मात्र्योना बादल्यांत उभे केलेले गोठके मासे विकत होती,
सरपणासारखे. तिनं वर पाहिलं,
"हाही माझ्याकडचाच का?"
घर येईपर्यंत पोटाला सुरकुत्या, शेपटी दुमडलेली,
तरी दोरा मात्र वर ओढतच होता.

सास्किलानाचा ओठ थरथरला.
"कुणी काढून घेतलं त्याच्यातलं?"

कुणीच नाही, बूट काढत मी म्हणालो.
होते तेवढेच आहेत आत, एकही कमी नाही.
मी बॉयलरघरातला माणूस, बावीस वर्षं काट्याशी संसार.
नवा होतो तेव्हा वाटायचं, वाफ म्हणजे कुणी पहिलवान,
पत्र्याला आतून खांदा लावून उभा.
तसं कुणी नसतं.
नुसते कण. दिसेनात इतके बारीक, मोजवेनात इतके,
सरळ धावतात, आदळतात, वळतात, पुन्हा धावतात,
कुठे जायचंय ते एकालाही ठाऊक नाही.
भिंतीवर त्यांचा जो मारा होतो
त्यालाच आम्ही दाब म्हणतो आणि वहीत लिहितो.

"मग ते दमले?"

दमत नाहीत. दमणं आपलं.
बाहेर प्रत्येक धडकेला थोडा वेग त्यांनी भिंतीला दिला,
भिंतीनं तो धुक्याला,
आणि धुकं कुणाचं काही परत करत नाही.
हळू झाले, इतकंच. मारा कमी पडला,
बाहेरच्यांनी भिंत आत रेटली.

यातलं निम्मं तिनं ऐकलंच नसावं.
ती मासा रेडिएटरपाशी धरून बसली होती.
त्यातलं पाणी सकाळी मीच तापवून पाठवलं होतं,
खांबांवरच्या पाइपांतून, अर्ध्या शहराला वळसा घालून.

चर्र.
एक सुरकुती सुटली. मग शेपूट.
मग दोन्ही गाल, एकदम.
तिनं पोटाला कान लावला, बराच वेळ.
"काहीच ऐकू येत नाही, बाबा."

अगं, ठोके इतके आहेत
की दोन ठोक्यांमध्ये शांतता मावत नाही.
वेगळा असा एकही ऐकू यायचा नाही.

ती हं म्हणाली. पटलं नव्हतं.
केक अजून कापायचा होता,
आणि तिच्या आईनं बाहेरून दार उघडलं तसा
धुक्याचा एक लोट आत आला,
उंबऱ्यावरच विरला.