काणी

बेटं इथे अजून जन्मतायत.
बर्फाखाली दबलेली जमीन
हजारो वर्षं झाली तरी पाठ सरळ करतेच आहे,
वर्षाला करंगळीच्या नखाएवढी.
आल्गोतमामाच्या बापाची होडी जिथे घासायची
तिथे आता गवत, आणि गवतात मेंढ्यांच्या लेंड्या.

आईची वही माझ्याकडे आली ती दमटच.
पहिल्या पानावर तिचं नाव, इंगेगेर्ड,
खाली पेन्सिलीने:
मोजायचं. हात लावायचा नाही.

फूल तसं साधं.
रोदब्लेरा म्हणतात इथे. तांबूस गुलाबी,
पाच पाकळ्या, प्रत्येक टोकाशी चिरलेली.
नर झाड वेगळं, मादी वेगळी.
जुन्या काळच्या चर्चमधल्या बाकांसारखं, मामा म्हणतो.

काणी शिरली की झाड मरत नाही,
हे मला लहानपणी पटायचंच नाही.
उलट ते आधी उमलतं, इतरांच्या पुढे.
मादीच्या फुलातून
तिला कधी नव्हतेच ते पुंकेसर वर येतात,
आणि त्यांच्या टोकाला परागाऐवजी काजळ,
जांभळट, तेलकट,
बोटाला लागलं तर रात्रीच्या जेवणापर्यंत जात नाही.
भुंगा येतो. त्याला काय, तो मधाला आलेला.
काळे पाय घेऊन शेजारी जातो.
झाड पुढे कैक उन्हाळे जगतं,
दर उन्हाळ्यात फुलतं
आणि बी धरत नाही.
वांझ म्हणू नकोस, आई म्हणाली होती,
ते दुसऱ्याचं बाळंतपण करतंय.

हेलान सगळ्यात म्हातारं.
तिथे आता सूचिपर्णी रान, दुपारी सुद्धा संध्याकाळ.
वहीत त्याची पानं कोरी: फूलच नाही, तर काणी कुठली.
रोगालाही वस्ती लागते.

आल्स्केर मधलं.
माझ्या जन्माच्या साली शंभरात चाळीस काळी,
मी शाळेत गेले तेव्हा एकतीस,
गेल्या वर्षी चौदा.
काही झाडांना मी तोंडओळखीने ओळखते:
दोन्ही बाजूंचे शेजारी वीस-वीस वर्षं काळे,
आणि हे मधे उभं, फुलायला उशीर करणारं,
फुलं मोजकी, पण बी स्वतःचं.
आज तिथे जो गुलाबी दिसतो
तो काणीने चाळून उरलेला गुलाबी आहे.

आणि नीग्रुंद. नवा खडक.
आई पहिल्यांदा उतरली तेव्हा अकरा झाडं.
मग चाळीस. मग तीनशेवर.
काळ्यांच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य,
पानामागून पान, अंड्यांच्या ओळीसारखं.

नऊ वर्षांची असताना
मी आल्स्केरवर एक गुच्छ खुडला होता,
होडीच्या नाळेत लपवला,
आणि नीग्रुंदला आम्ही पावमासळी खायला थांबलो.
आई ओरडली नाही.
गुच्छ लाटेत टाकला,
माझे हात वाळूने घासले, लाल होईस्तोवर,
त्या जेमतेम खाऱ्या पाण्यात.

हिशोब बसत नाही, मला माहीत आहे.
मधे एकोणतीस शून्यं आहेत.
वारा आहे, भुंगे आहेत, आल्स्केर आठशे मीटरवर.
तरी आज, तीनशे बाराव्या झाडापाशी,
गुडघे टेकले आणि तेच आठवलं आधी.

एकच झाड. मादी. सहा फुलं, सहाही काळी.
मुळाशी माती भुसभुशीत,
दोन बोटांनी आलं असतं वर.
भोवती या वर्षीची रोपं, नखाएवढी,
अजून कशालाच नाही म्हणायला न शिकलेली.
त्यांच्यातली कुठली टिकणार
हे मला पुढची वीस पानं सांगतील,
माझ्यानंतर कुणी वही घेतली तर.

मी एक लिहिला.
साधा एक, पण सरळ येईना.

पुढच्या खडकाला अजून नाव नाही,
मागच्या वर्षी तिथे दोन रोपं होती.
आज तिथे उतरायचं नको, मी मामाला म्हटलं,
अंगठा काळा झालाय.
त्याने इंजिन बंद केलं, वल्ही काढली, काही विचारलं नाही.
आम्ही तसेच तरंगत होतो तेव्हा
एक भुंगा आमच्या डोक्यावरून गेला,
जड, खाली खाली, समुद्राला जवळजवळ टेकत,
त्याच दिशेला.