शेहेचाळीस नंबरची तार

भुसावळात, जामनेर रोडला, दहा बाय बाराचं दुकान.
पाटीवर भारंबे रिवाइंडिंग, खाली पुसट फोन नंबर.
मे महिन्यात दारापर्यंत रांग लागते,
केळीच्या मळ्यांतून चिखलासकट उपसून आणलेल्या मोटारी,
जळक्या वार्निशचा वास.

त्या रांगेत हुरमत तडवी उभी होती,
यावलच्या दवाखान्यातली नर्स, ड्यूटीवरून तशीच आलेली.
हातात गोणपाटाचं लांबडं गाठोडं,
पाय मोडलेला पेशंट धरावा तसं धरलेलं.

"माह्या बाचं हाये. बॅण्डात वाजवे.
वीस वर्सं माळ्यावर होतं. आता बोलत नाही."
मी म्हटलं, ताई, मी मोटारी बांधतो.
"मंग? याच्यातबी तारच हाये ना."

उघडलं.
आत उंदराचं बाळंतपण, सरकीसकट कापूस,
एक पोपटी बटण,
आणि सुपारीची चिठ्ठी: फैजपूर, न्हावी, सांगवी.
रक्कम उंदरानं खाल्लेली.
लाकूड मात्र ठणठणीत. खुंट्या सहातल्या चार.
कंपनीचं नाव मनगटाच्या घामानं कधीच नेलेलं.
तारांच्या जागेखाली ती डबी, इंजेक्शनच्या खोक्याएवढी.
मीटर लावला. काटा जागचा हलला नाही.
पण लोहचुंबकानं माझा स्क्रू ड्रायव्हर
हातातून हिसकून घेतला.

अठरा नंबर, वीस नंबर ओढून घट्टे पडलेल्या बोटांना
ती तार लागलीच नाही.
उजेडाकडे धरली तेव्हा कुठे दिसली,
कंगव्यात राहिलेल्या केसासारखी.
किती वेढे होते, सांगणारं कोणी नाही.
सोडवलेली सगळी तार सराफाकडे नेली.
तो म्हणाला, भारंबे, लोक इथं सोनं आणतात.
अडीच तोळ्याला थोडी कमी भरली.
बिलाच्या पाठीवर हिशोब मांडला,
पावणेआठ हजाराच्या आसपास.

तशी तार बाजारात नव्हती.
रेल्वेच्या लिलावातले भंगार रिले फोडले,
त्यांच्या पोटात निघाली,
आयुष्यभर सिग्नल पाडलेली.

पंख्याचं मशीन, हातानं फिरवायचं.
चार हजार तीनशे अकराला तुटली.
बाहेर तोताराम भिरूड ओरडत होता,
"माह्या केळी सुकून राह्यल्या अन् तू खेळणं बांधतो?"
त्याचं खरंच होतं. त्याची मोटार आधी बांधली.

रात्री पुन्हा बसलो. तुटलेली टोकं डागली.
सहा हजाराला लाईट गेली,
तरी मोजत राहिलो, तोंडानं,
शेजारचं कुत्रं ऐकत होतं.
मग मेणात बुडवायचं. पण भुसावळ सत्तेचाळीस डिग्री,
मेण थिजायला तयार नाही.
शेवटी ओल्या फडक्यात गुंडाळून
माठाच्या पोटाशी टेकवून ठेवलं,
पहाटेपर्यंत त्या माठाचं पाणी कुणाला पिऊ दिलं नाही.

ती आली तेव्हा तारा चढवल्या नव्हत्या.
मंडपवाल्याचा भोंगा आणि मशीन मागून आणलं,
वायर खोचली, स्क्रू ड्रायव्हरनं डबीवर टिचकी मारली.
टक्.
रस्त्यापलीकडच्या पानटपरीवाल्यानं मान वर केली.

आणि मग नुसती घुं.
तीस वर्षं मला त्या आवाजाचा एकच अर्थ ठाऊक,
एक फेज गेलाय, बेअरिंग जाम आहे, बंद कर.
हात आपोआप बटणाकडे गेला.

"राहू द्या," ती म्हणाली.
"बा जेवाले उतरे ना, तवा हेच चालू राहे.
आम्ही पोरं याच्या बाजूलेच झोपून जायचो."
रांगेतले दोघं तिघं गप्प झाले.
ती बाकावर बसली. बूट काढले.
दोन मिनिटं असतील. जास्तही असतील.

तारा कोण चढवणार, वाजवणार कोण,
तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
छापील बिलबुकात रकाने ठरलेले:
मोटारीचा नंबर. एच.पी. तांबं किती.
तांबं लिहिलं.
बाकीच्यांवर रेघ मारली,
आणि पुढच्याला म्हटलं, ये, ठेव इथं.