स्थिर पाण्यातला वेग

ताईच्या हातात पेन्सिल, माझ्या हातात फोन.
मी सेकंद मोजतो.
पन्नास झाले की एवढंच म्हणायचं: पुढचा.

लोकोजात वीज सातच्या सुमारास जाते.
शेजारच्या शिंप्याचा जनरेटर
घशात काटा अडकल्यासारखा खोकत राहतो
आणि त्याच्या उरल्यासुरल्या उजेडात
उफेदो दोन गाड्या समोरासमोर आणते,
त्या कुठे भेटतील ते लिहून
त्यांना तशाच सोडते रुळांवर.
मग पाच मित्र गोल टेबलाभोवती:
अ कधीच ब-शेजारी बसणार नाही,
क-ला दाराकडेच तोंड हवं.
त्यांचं भांडण कशावरून, हे कुणी विचारत नाही.
वेळ नसतो.

तिची पदवी प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी पत्र्याच्या पेटीत,
पेटी आढ्याला टांगलेली, मागच्या पुरापासून.
या घराच्या बेरजेत ती मोठी रक्कम.
मी हातचा एक.

एकोणतिसावा प्रश्न मीच वाचला.
होडी प्रवाहाबरोबर छत्तीस किलोमीटर जाते तीन तासांत,
तेवढंच उलट यायला सहा.
तर स्थिर पाण्यात होडीचा वेग किती?

दाराशी वल्ह्याला तेल चोळणारे बाबा थांबले.
"कुठलं पाणी?"
"स्थिर, बाबा."
"ते ऐकलं. पण कुठलं?
महिना कोणता? माल होता की माणसं?
पाणी उपसायला बरोबर पोर होतं का?"
"चारच पर्याय आहेत हो," ताई हसली,
आणि मी पन्नास म्हणायच्या आत
नऊवर खूण करून मोकळी झाली.
नऊ अधिक तीन बारा, नऊ उणे तीन सहा,
ताळा चोख.

बाबा बोटांवर काही मोजत राहिले.
बऱ्याच वेळाने, वल्ह्याकडेच बघत:
"चाळीस वर्षं झाली.
स्थिर पाणी मी फक्त बादलीत पाहिलंय."

आईचे धुरावलेले मासे विकून बसचं भाडं निघालं.
अबुजात सहा जागांसाठी अकराशे जण,
खुर्च्यांना नंबर, घड्याळं काढून ठेवलेली.
लेखी पार पडली. दुपारी तिघांसमोर बसवलं,
त्यातल्या बारीक टायवाल्याने विचारलं:
एक बिबट्या, एक शेळी, यामची एक टोपली,
होडीत नावाड्यासोबत एकालाच जागा.
"सात फेऱ्या," ताई म्हणाली. सगळ्या सांगितल्या, ओळीने.
मग, न विचारता: "त्यात शेळी तीनदा."
"म्हणजे?"
"बिबट्या एकदाच जातो, टोपली एकदाच जाते.
शेळीला नेतात, परत आणतात, पुन्हा नेतात.
तिने काहीच केलेलं नसतं."
त्याने कागदावर काहीतरी लिहिलं.
तिला ते उलटं दिसत होतं.
उलट्या अक्षरांचा सराव आम्ही केला नव्हता.

सात आठवडे काही नाही.
ताई शिंप्याच्या मुलांना पाढे शिकवू लागली,
पेन्सिल त्यांच्यात हरवली.
फोनमध्ये मी वेळ लावायचो
ते आता भात शिजण्यासाठी.

काल संध्याकाळी निरोप आला:
चौदा तारखेला या, मूळ कागदपत्रं आणा.
बाबांनी खुर्चीवर चढून पेटी उतरवली,
झाकणावरची धूळ सदऱ्याने पुसली.
आई एकदम मोठ्याने बोलू लागली, सगळ्यांशीच.
मी मात्र फेऱ्या मोजत बसलो:
एकदा गेली, एकदा आली,
म्हणजे ही तिसरी.
तिसऱ्या फेरीला शेळी पलीकडेच राहते.

पहाटे बाबा तिला स्वतः सोडणार आहेत,
एक गढूळ, एक हिरवट, अशा दोन नद्या
जिथे कितीतरी अंतर न मिसळता शेजारून वाहतात
तिथून खाली, बसथांब्याच्या धक्क्यापर्यंत.
मी येऊ का विचारलं. नको म्हणाले, भार वाढतो.

कोडं पलीकडच्या काठावर संपतं.
नावाडी घरी कसा परतला,
किती वेळ लागला त्याला, रिकाम्या होडीत, प्रवाहाच्या उलट,
असा प्रश्न
तिच्या तिन्ही पुस्तकांत मी शोधला.