निकाली

मी तीनदा पुकारतो. तसा नियम आहे.
लव्हिनिया हिस्कॉक, वादी, हजर आहेत का?
पहिल्यांदा साहेबांकडे तोंड करून,
दुसऱ्यांदा रिकाम्या बाकांकडे,
तिसऱ्यांदा दार उघडून बाहेर,
जिथं न्यूफाउंडलँडचं धुकं उभं असतं
आणि धुकं ओ देत नाही.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.
इथं पायऱ्या तीनच. बर्फ पडला की
मीठ मीच टाकतो त्यांवर.

प्रतिवादी मात्र हजर.
अँब्रोज कीपिंग, वय एकाहत्तर, धंदा होड्या बांधणं.
चार वर्षांत बारा तारखा; बाराही वेळा हा
पहाटेच्या फेरीबोटीनं आला
लग्नातला कोट घालून,
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फळी.

जेराल्ड हिस्कॉक ज्या होडीतून गेला
तिच्या तळाची फळी.
अकरा दिवसांनी गोट्यांच्या किनाऱ्याला लागली,
जेराल्ड लागला नाही.
फळीत चार खिळे अजून घट्ट.
‘पक्कड आणा,’ म्हणायचा, ‘ओढून बघा.’
मी म्हणायचो, तुमची पाळी आली की.

बाईंचा वकील दुसऱ्या वर्षी टोरोंटोला गेला.
नोटीस मी स्वतः चिकटवली होती,
पोचपावती परत आली, सही ठसठशीत.
म्हणजे पत्ता बरोबर होता.

साहेबांनी चष्मा पुसला.
वादीनं दाव्याचा पाठपुरावा केलेला नाही,
सबब दावा काढून टाकण्यात येत आहे.
खर्चाबाबत हुकूम नाही.
चार मिनिटं. त्यात साहेबांचा खोकला धरून.
मी शिक्का मारला: निकाली.

‘म्हणजे मी जिंकलो?’
तुमच्याविरुद्ध आता काही नाही, मी म्हटलं.
‘ते नाही विचारलं. होडी चांगली होती
असं कुठं लिहिलंय?’
मी फाईल उलटली. त्याच्यासमोर, पान न् पान.
अर्ज, मुदत, अर्ज, मुदत,
त्याची कैफियत, अडीच पानं, कुणी न वाचलेली.
सगळं निकाली निघालं होतं.
निकाल तेवढा नव्हता.

तो उठून गेला. फळी बाकावरच राहिली.
विसरला म्हणावं तर
बारा वेळा विसरला नव्हता.

शनिवारी लव्हिनिया दुकानात दिसल्या.
पीठ, चहा, राखाडी लोकरीचा एक लडा.
विचारायला नको होतं. विचारलं.
‘फळी चांगली निघाली असती तर?’
एवढंच म्हणाल्या,
आणि मोजून झालेली चिल्लर पुन्हा मोजू लागल्या.
त्या सकाळी वारा बघून बाकी सगळ्यांनी
होड्या वर ओढून ठेवल्या होत्या,
हे गावात कुणाला माहीत नाही?
फायलीत नाही.

दाखल न झालेली वस्तू नव्वद दिवसांत
परत करावी किंवा नष्ट करावी.
आज एकोणनव्वदावा.
कचेरी बंद केल्यावर घरून आणलेली पक्कड काढली,
फळीवर पाय रोवून एक खिळा ओढला,
मग दुसरा. दिवा लावून पुन्हा पहिला.
तळहाताला गंज लागला, बाकी काही हललं नाही.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं
मला कुणी शिकवलेलं नाही.
फळीवर खडूनं दाव्याचा क्रमांक घातला,
कपाटामागे उभी केली.
सोमवारी सात पुकारे आहेत.