व्यवसाय : निवृत्त

सुनावणीची खोली तिसऱ्या मजल्यावर.
हीटर खोकत होता, बाहेर उणे एकवीस.
आयोगाच्या तिघांपुढे पाण्याचे तीन पेले,
आणि सिनेटर ऑरिन क्वाले
नेहमीचा निळा टाय घरी ठेवून
चौकडीच्या शर्टात आलेले,
जणू आत्ताच गाईंना चारा घालून निघाले.
मी ओळखते तो शर्ट.
त्याची पावती माझ्याकडे आहे :
प्रचारखर्च, किरकोळ, एकोणचाळीस डॉलर.

मी त्यांची खजिनदार, वर्ना हॉगस्टॅड.
शाळेच्या जेवणघराचे हिशेब सव्वीस वर्षं ठेवले.
दुधाच्या एका डब्याचा फरक निघाला
तरी रात्री अकरापर्यंत उठत नसे.
सिनेटर सभेत सांगायचे,
वर्नाच्या वहीवर माशीसुद्धा परवानगी काढून बसते.
लोक हसायचे. मीही.

आयोगाच्या वकीलबाई, मिस पेल्की, माझ्या भाचीच्या वयाच्या.
आवाज इतका मऊ
की ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
"मार्चमधल्या या चौदा देणग्या.
एकाच दिवशीच्या, मर्यादेच्या काठोकाठ,
आणि चौदाही जण एकाच खडीच्या खाणीतले."
सिनेटर म्हणाले,
"एकत्र राबणारी माणसं एकत्रच विचार करतात."
वाक्य बरं होतं.
चार तासांच्या रस्त्यात गाडीत
तीनदा म्हणून पाहिलं होतं त्यांनी.

मग त्या नावं वाचू लागल्या.

कागदावर असतात तेव्हा नावं म्हणजे नुसती रांग.
कुणी मोठ्यानं वाचली
की एकेक जण आत येऊन उभा राहतो,
टोपीवरचा बर्फ झटकत.
डेल रस्टाड, ज्याच्या ट्रकचे हप्ते थकलेत
हे पेट्रोल पंपावरच्या पोरालाही ठाऊक.
लिओटा ब्रेम, खाणीच्या ऑफिसात अर्धा दिवस.
दर गुरुवारी चर्चच्या तळघरातून
बीन्सचे डबे नेते. पिशवी मीच भरते.
तिच्या नावापुढे हजार डॉलर.

नववं नाव एमेट सॉर्ली.

एमेट जानेवारीतच गेला.
जमीन अशी गोठलेली की कुदळ उसळायची,
म्हणून पेटी कबरस्तानाच्या शेडमध्ये
एप्रिलपर्यंत वाट पाहत पडून होती.
मी बटाट्याचं कॅसरोल नेलं होतं त्याच्या बहिणीकडे.
माझ्या हीटरचा पंखा त्यानंच बसवला होता,
एक छदाम न घेता.
आणि मार्चमध्ये, तो मातीआडही झाला नव्हता तेव्हा,
खाणमालकाचा माणूस माझ्या स्वयंपाकघरात
एक जाड पाकीट आणि एक यादी ठेवून गेला.
मी चहा ठेवला, चष्मा लावला, रकाने भरले.
नाव. पत्ता. रक्कम.
व्यवसायापाशी पेन अडलं.
थोडं थांबून मी लिहिलं : निवृत्त.

तसं लिही असं कुणी सांगितलं नव्हतं.
रकाना मोकळा सोडायची मला सवय नाही, इतकंच.

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली.
सिनेटरांनी माझ्या बाहीवर हात ठेवला,
निवडणुकीच्या रात्री ठेवला होता तसाच उबदार,
आणि आयोगाकडे वळून म्हणाले,
"कागदपत्रांचं सगळं वर्नाच पाहते."
चौदा नावांच्या मधून
ते किती सहज नामानिराळे झाले!

मिस पेल्कींनी फॉर्म माझ्याकडे सरकवला.
"हे अक्षर तुमचं?"
टपोरं, एका ओळीत बसलेलं.
शाळेत मुलं माझं अक्षर गिरवायची.

"माझंच," मी म्हटलं.
"पैसे कुणाचे तेही सांगते.
आधी मला एक पेला पाणी द्या,
आणि यांच्या अंगातल्या शर्टापासून सुरुवात करू."